सासूबाईंच्या ओव्यांचं रीळ

फितीच्या अदलाबदलीत आपल्याला अख्ख्या मुंबईत कुणी फसवू शकत नाही, असं सीताराम कांदळगावकरचं ठाम मत होतं. गिरगावातल्या त्याच्या चाळीत टेपरेकॉर्डर त्याच्या एकट्याकडे! बोटीवरच्या भावाने आणलेला, वजनाने जात्याच्या तळीसारखा. रिळं मात्र तीनच. म्हणून परळच्या राजारामशी त्याचा व्यवहार चाले. राजाराम रेडिओ दुरुस्त करायचा आणि तसलंच मशीन बाळगून होता.

राजारामला कुठल्याशा मैफलीतली ठुमरी मिळाली. ती हवी तर बदल्यात एक रीळ! सीतारामने सासूबाईंच्या ओव्यांचं रीळ देऊन टाकलं. जाईबाई त्या ओव्या म्हणून दुसऱ्याच दिवशी मालवणला परतल्या होत्या.

"आठ दिवसांचा प्रश्न! बकुळाला कळणारसुद्धा नाही!" बायकोच्या बाबतीत सीताराम निर्धास्त होता.

चौथ्या दिवशी पत्र आलं. जाईबाई गुरुवारी बोटीने येत होत्या, स्वतःच्या ओव्या ऐकायला!

गुरुवारी नेमका हरताळ. ट्राम बंद, बस बंद. सीताराम तंगडतोड करत परळला पोचला.

"ते रीळ? अरे, पुसलं मी," राजाराम म्हणाला.

"पुसलं? पाटी आहे काय ती?"

"आमची कांता म्हणते, मी घोरतो. म्हटलं, पुरावा दाखव! काल दुपारी भरून ठेवला बयेने."

"माझ्या सासूच्या ओव्यांवर?"

"हाताशी तेच होतं रे!"

मशीन बिघडलंय असं घरी ठोकून द्यायचं, हे ठरवून सीताराम रीळ बगलेत मारून निघाला. लालबागला मोर्चात सापडला.

"ओ पाव्हणं, तोंड शिवलंय काय? द्या की घोषणा!"

मग काय! गिरगावपर्यंत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' घरी पोचला तेव्हा घशातून फाटक्या भात्यासारखी नुसती हवा येत होती.

घरात जाईबाई पाटावर, शेजारणी चटईवर. बकुळाने त्याच्या बगलेतलं रीळ ओढलं.

"अहो, रीळ घेऊन कुठे भटकत होता? आई कधीची खोळंबलीय!"

"बिघ... बिघ..." सीताराम फुसफुसला.

"बघतेच आहे!" म्हणत तिने बटण दाबलं.

घर्र्र्र... फुस्स्! घर्र्र्र... फुस्स्! भरलेला ट्रक फोंडाघाट चढावा तसा आवाज! शेजारणींनी तोंडाला पदर लावले. बकुळाच्या डोळ्यांत तर सीतारामला सरळ फाशीच दिसली.

"गप रवा गो!" जाईबाईंनी हात वर केला. त्यांचे डोळे भरून आले होते. "ह्यां तर ह्येंचां घोरणां! खंयसून गावलां तुमका, जावयबापू?"

सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. सीतारामने आयुष्यातली सर्वांत मोठी थाप एक अक्षरही न बोलता मारली. त्याने नम्रपणे मान खाली घातली.

"आई आहे तोवर गप्प बसते मी," बकुळा त्याच्या कानाशी पुटपुटली.

जाईबाई पंधरा दिवस राहिल्या. रोज जेवणानंतर घोरणं! त्या आवाजावरच त्यांना गाढ झोप लागे. पण अर्ध्या तासात रीळ संपलं की त्या दचकून उठायच्या. "इतक्यांच?"

शेवटी सीताराम पुन्हा परळला. "राजाराम, दुसरी बाजू भरून दे बाबा!"

राजारामने पोटभर वडे-सागोती हाणली, चादर ओढली. सीताराम त्याच्या नाकाशी माइक धरून तासभर उकिडवा बसला. मांड्या भरून आल्या तरी चादरीखालून हूं की चूं नाही.

अखेर राजारामने एक डोळा उघडला.

"नाही रे जमत! आपलं रेकॉर्डिंग चाललंय म्हटलं की झोपच लागत नाही!"