रंगनाथमामांचे पेशंट

रंगनाथमामा फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. “पेशंट कसे हायत?” असं विचारतात.

मी डॉक्टर नाही. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत काम करते, आणि मामांचे ‘पेशंट’ म्हणजे तिथले बोटभर पट्टेरी मासे, झेब्राफिश. क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ आम्ही त्यांच्या पिल्लांना टोचतो. रोग अंगात कसा पसरतो, औषध कसं लागू पडतं, ते पाहतो.

मामा आमचे गावाकडचे, सेनगावजवळच्या गोरेगावचे शेजारी. एकटे राहतात. माळकरी आहेत, त्यामुळे मासा त्यांनी बाजारातही कधी निरखून पाहिलेला नाही. तरी माझं काम समजून घ्यायचा त्यांनी चंगच बांधलाय. मी काहीही सांगितलं की आधी म्हणणार, “बराबर समजलं.” मग म्हणणार, “पण येक सांग.” मधल्या वेळात त्यांना काहीच समजलेलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं.

“मासा खोकतो कसा?”

“खोकत नाही मामा. त्याला फुप्फुसंच नसतात.”

“बराबर समजलं. पण येक सांग, खोकत न्हाई तर टीबी झाला ह्ये कळतं कसं?”

“पिल्लू काचेसारखं असतं. आतलं सगळं दिसतं.”

“बराबर समजलं. पण येक सांग, चांगल्या लेकराला आधी आजारी पाडायचं अन् मंग औषध द्यायचं, ह्ये पुण्यात धरतेत का पापात?”

इथे माझी रेंज जाते.

गेल्या दिवाळीत गावी आले, तर सेनगावच्या जीपमधून एक शेतकरी बादली घेऊन उतरला. बादलीत त्याच्या शेततळ्यातले दोन मासे. आमची पोरगी माशांची डॉक्टर हाय, असं मामांनी जीपवाल्यांना सांगून ठेवलं होतं.

“वर येऊन तोंड उघडून राहिलेत,” शेतकरी म्हणाला.

तळ्याच्या पाण्यात हवा कमी पडत असेल, असं मी अंदाजानं सांगितलं.

“येक सुई देऊन टाक की,” मामा मागून म्हणाले.

तेवढ्यात एक मासा उलटा झाला. शेतकरी माझ्याकडे, मी मामांकडे आणि मामा बादलीकडे पाहत राहिले.

शेतकरी गेल्यावर, माझं खरं काम तरी मामांना दाखवावं म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. सूक्ष्मदर्शकाखालचं पिल्लू, पोटात हिरवे चमकणारे जंतू, त्यांना घेरणाऱ्या पेशी. मामांनी पेशींबद्दल काहीच विचारलं नाही.

“ह्ये येकलंच हाय?”

“हो. प्रत्येकाला प्लास्टिकच्या ताटलीतल्या वेगळ्या खळग्यात ठेवतो. कुणाला काय होतंय ते नीट कळतं.”

मामांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

“मला बी ठेवलं व्हतं. शेतात, आखाड्यावरच्या खोपीत. तुझ्यापेक्षा लहान असंन मी. टीबी झाल्ता.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

“माय धुऱ्यावर, तिकडं बांधावरच, भाकर ठेवून जायची.”

“बोलायची?”

“दुरून. वारं असलं की ऐकू यायचं न्हाई. गोळ्या संपल्या, बरा झालो. पण आता घरी ये, असं कुणी म्हणलंच न्हाई. मीच आलो येक दिवस.”

त्यांनी मोबाइल परत दिला.

“त्याला कळत असंन का, जवळ कुणी हाय म्हणून?”

“ठाऊक नाही मामा.”

“मंग बसत जाय जरा.”

“बसते,” मी म्हटलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी तासन्‌तास बसतेच. पण मामा म्हणत होते ते बसणं हे नव्हे, एवढं मला कळत होतं.