ब्रोमेलियाडचा पार

एका जंगलात, बाळांनो, सिंहाचं राज्य होतं. त्यात नवल ते काय! जंगल म्हटलं की सिंह आलाच, आणि सिंह आला की त्याचा वाढदिवसही आलाच.

त्या वाढदिवसाला साता समुद्रापलीकडच्या राजाने एक झाड भेट धाडलं. नाव ब्रोमेलियाड. आपल्या अननसाची चुलत बहीण म्हणा ना. पानं अशी गोल रचलेली, की मधे वाटीच तयार झालेली. फूल मात्र अजून यायचं होतं.

सिंहाने भुरोबा अस्वलाला बोलावलं. मध खाणं आणि झोपणं सोडलं तर भुरोबाला कुठलंच काम येत नसे. म्हणूनच तर तो राजमाळी झाला होता.

"भुरोबा, पुढच्या वाढदिवसाला हे फुललं पाहिजे. फुललं तर शाल-श्रीफळ देईन."

"आणि नाही फुललं तर, महाराज?"

सिंहाने नुसत्या मिशा चाटल्या.

आळशी प्राणी घाबरला की कामाला लागतो, आणि तिथेच घात होतो. भुरोबाने खड्डा खणला. शेणखत भरलं, झाड गळ्यापर्यंत पुरलं, आळं केलं, सकाळ-संध्याकाळ मुळाशी पाणी ओतलं. वर दगडी पार बांधून त्यावर महाराजांचं नाव कोरलं. जंगलाची रीतच होती ती. ज्याला पार नाही, ते झाड सरकारी नाही.

झाड पिवळं पडलं. भुरोबाने आणखी खत घातलं.

एके दुपारी त्याची बायको भिंगरी जेवण घेऊन आली. आली तशी नाकाला पदर लावून उभी राहिली.

"अहो, कुजलंय हे!"

"पाणी कमी पडलं असेल गं."

"पुरे झालं तुमचं पाणी! उपटा आणि लपवा कुठंतरी. महाराजांनी पाहिलं तर आज माझं कुंकू पुसलं जाईल!"

भुरोबाने झाड उपटलं आणि शेजारच्या आंब्याच्या बेचक्यात कोंबलं. पारावर फडकं टाकलं. मग आंब्याखाली बसून रडला बिचारा. रडता रडता झोपला, तो झोपतच राहिला.

वर मात्र मजा झाली. आंब्याच्या पानांतून ऊन गाळून येऊ लागलं. मुळांना वारा लागला. पाऊस वाटीत साठला, त्यात पालापाचोळा पडून कुजला. अहो, या बयेला मुळं हवीत ती फांदी धरून बसायला. खाणंपिणं सगळं त्या वाटीतून! हे भुरोबाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्याने वाटीतही शेणखत घातलं असतं.

वाढदिवस उजाडला. सारं जंगल पारापाशी जमलं. सिंहाने फडकं ओढलं. आत नुसता खड्डा!

"झाड कुठंय?"

भुरोबा भिंगरीच्या पाठीमागे सरकला. तेवढ्यात वरून एक बेडकी ओरडली. वाटीत बिऱ्हाड केलं होतं तिनं. सगळ्यांनी माना वर केल्या. बेचक्यात लालभडक तुरा फुलला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! काय केलंस रे?" सिंह म्हणाला.

आनंदाच्या भरात भुरोबा खरं बोलून गेला. "काहीच नाही, महाराज! वर ठेवलं आणि विसरलो."

टाळ्या थांबल्या. सिंहाचे डोळे बारीक झाले. "काहीच न करणाऱ्याला मी पोसतोय होय?" आणि त्याने पुन्हा मिशा चाटल्या.

भिंगरीने नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, पार! पार दाखवा ना!"

भुरोबा धडपडत पारावर चढला. "महाराज, सगळी या पाराची कृपा! त्यावर आपलं नाव आहे ना? आपलं नाव लागल्यावर खाली मातीत कसं राहायचं, म्हणून, म्हणजे, नावाचा धाक बसला आणि झाड सरसर वर चढलं!"

सिंह विचारात पडला. मग आयाळ हलवून म्हणाला, "असं होय! मग त्या आंब्यालाही पार बांधा. नाव जरा मोठं कोरा."

भुरोबाला शाल-श्रीफळ मिळालं. पुढे फुललेलं झाड वाळलं, कारण ही बया एकदाच फुलते आणि जाताना बुडाशी पिल्लं ठेवून जाते. पिल्लं बेचक्यात वाढली, फुलली, त्यांनाही पिल्लं झाली. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाराची डागडुजी मात्र दर वाढदिवसाला होते. दुरुस्त झालेल्या पारावर भुरोबा जेवून आडवा होतो.

तात्पर्य : झाड काही न करताही जगतं, माळी मात्र पार बांधल्याशिवाय जगत नाही.