दीड इंच जास्त

"गाडी आपलीच!" मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं. "ती उभी कुठे करायची, एवढंच ठरवायचं राहिलंय."

टीव्हीवरच्या त्या स्पर्धेचं चित्रीकरण व्हायला अजून सोळा दिवस होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. बावीस वर्षं एकाच गल्लीत, एकाच दुकानात, एकाच मशीनवर पाय मारत आलेले. टेप गळ्यात असायची, पण ती शोभेला. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याची छाती, कंबर आणि बाही मनात टिपलेली असायची. एका गृहस्थांनी फोनवर विचारलं होतं, "माप द्यायला कधी येऊ?" मास्तर म्हणाले, "काल सकाळी दुकानावरून गेलात ना? झालं की!" शर्ट पहिल्या फटक्यात बसला.

अशा माणसासाठीच 'अंदाज अचूक' हा कार्यक्रम काढलाय, असं मेहुण्याचं ठाम मत होतं. समोर एक वस्तू ठेवायची, स्पर्धकाने नुसत्या नजरेने तिची लांबी सांगायची. अर्ध्या इंचाची चूक माफ. चारही फेऱ्या पार केल्या की चार दारांची नवी कोरी गाडी. मेहुण्याने परस्पर अर्ज भरला, फोटो जोडला आणि 'आवड' या रकान्यात 'मोजणे' असं लिहून टाकलं. बोलावणं आलं!

गाडीचं नाव काढलं की मास्तरीणबाई काही बोलत नसत. बोलल्या त्या एकदाच, काजं करता करता.

"बावीस वर्षं स्कूटरवर तुमच्यामागे बसतेय. कधी शाळेचे गणवेश, कधी दवाखान्याचे डगले. मांडीवर गठ्ठा नाही असा एक दिवस गेला नाही. मला एकदा, एकदाच हो, मांडी मोकळी ठेवून कुठेतरी जायचंय. दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि खिडकीतून बाहेर बघायचं. बस्स."

मास्तर तेव्हा सुईत दोरा ओवत होते. दोरा हुकला. मास्तरांचा दोरा हुकणं म्हणजे पोस्टमनने स्वतःचं घर चुकण्यासारखं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी शिवणाच्या निळ्या खडूने दुकानासमोरच्या रस्त्यावर गाडीची आकृती आखली. चाकांसकट. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. लोक आकृतीला वळसा घालून जाऊ लागले.

"चालवणार कोण?" बाईंनी विचारलं. मास्तरांना स्कूटरपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

"मी शिकतोय की, ताई!" मेहुणा म्हणाला. तो चार महिने शिकत होता. तेवढ्यात शिकवणारे तीन बदलले होते.

मग सराव सुरू झाला. बाई वस्तू दाखवायच्या, मास्तर आकडा सांगायचे, मेहुणा टेप लावायचा.

"झाडू?"

"त्रेचाळीस."

"त्रेचाळीस! बरोबर!"

"खिडकीचा गज?"

"साडेएकतीस."

"भाऊजी, तुम्ही माणूस आहात की फूटपट्टी?"

"उशीचा अभ्रा?"

"साडेएकोणतीस."

मेहुण्याने टेप लावली. पुन्हा लावली. "अठ्ठावीस."

तिघेही अभ्र्याकडे बघत राहिले, जणू खोड त्याचीच होती. मग टॉवेल झाला, चादर झाली, पायपुसणं झालं. लाकूड, लोखंड, प्लास्टिक यांचं माप मास्तर तंतोतंत सांगत. पण वस्तू कापडाची असली की उत्तर नेमकं दीड इंच वाढायचं!

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही माया धरताय!"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दडवून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस जाड झाला, मूल वाढलं की शिवण उसवून तेवढं सैल करता यावं, म्हणून. मास्तरांच्या गुरूने पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच. बावीस वर्षांत कापड बघितलं आणि दीड इंच वाढवलं नाही, असं एकदाही झालेलं नव्हतं. ते आता मास्तरांच्या लक्षातही येत नसे, जशी आपली पापणी लवलेली आपल्याला कळत नाही.

"त्यात काय, सवय मोडू!" मेहुणा म्हणाला.

बाईंनी मोडायला घेतली. सकाळी चहा देताना कपाखाली रुमाल धरायच्या. "किती?" आकडा चुकला की चहा परत. पहिले तीन दिवस मास्तर बिनचहाचे राहिले. चौथ्या दिवशी अर्धा कप मिळाला. आठव्या दिवशी मास्तर झोपेतून उठता उठता पडद्याकडे बघून बरोबर आकडा बोलले आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सवय मोडली! इतकी छान मोडली, की दुकानातही मोडली. ते मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या आठवड्यात हातात काम होतं वादकांच्या बँडचं. बारा जणांचे बारा लाल कोट. मास्तरांनी ते कापले, शिवले, इस्त्री करून दिले. असे अंगाला चिकटून बसले, की बँडमास्तर आरशासमोरून हलेना.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी तोच बँडमास्तर दुकानात घुसला. कोटाची डावी बाजू काखेपासून कमरेपर्यंत उघडी, खांद्यावर आणखी फाटके कोट, हातात सुटलेल्या बटणांची पुडी.

"मास्तर, हे काय केलंत?"

"का? बसला नाही?"

"बसला! उभा राहिलो तोवर छान बसला! वाजवायला श्वास घेतला आणि फाटला! आधी माझा, मग तुतारीवाल्याचा, मग एका ओळीत पाच जणांचा. टर्र, टर्र, टर्र! आणि समोर लोक टाळ्या देतायत. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग!"

मास्तरांनी एक कोट उलटा करून शिवणीत बोट घातलं. आत काहीच नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून कोरडी शिवण गेली होती. त्यांनी दुसरा कोट उलटला. तोही तसाच.

"अहो, आमचं पोट वाऱ्यावर चालतं," बँडमास्तर जरा नरमून म्हणाला. "श्वासाला तरी जागा ठेवा!"

"ठेवतो," मास्तर म्हणाले. "हात मोडला तरी पुन्हा असं होणार नाही. शब्द देतो."

फाटलेल्या सातही कोटांना त्यांनी संध्याकाळपर्यंत पट्ट्या जोडून दिल्या. प्रत्येक शिवणीला मनात बजावलं, माया, माया, माया. बाई बघत होत्या. त्यांना बोलवेना, आणि न बोलून राहवेना.

"उद्या मात्र..."

"उद्या तोंडाने सांगायचंय," मास्तर म्हणाले. "तोंड तयार आहे. विचार काहीही."

बाईंनी पदराचं टोक पुढे केलं. मास्तरांनी अचूक सांगितलं. बाई निर्धास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघे निघाले. मास्तर आणि बाई स्कूटरवर, मेहुणा बसने. येताना बाईंनी गाडीत बसायचं, मेहुण्याने स्कूटर आणायची आणि गाडी कंपनीच्या ड्रायव्हरने घरी सोडायची, असं ठरलं होतं. जाताना बाईंच्या मांडीवर मास्तरांचा इस्त्रीचा कोट होता, चुरगळू नये म्हणून.

"हा शेवटचा गठ्ठा बरं का!" मास्तर पुढून ओरडले.

स्टुडिओत दिवे इतके होते, की तिथे अंडी उबवता आली असती. मास्तरांसमोर दोन स्पर्धक होते, एक बांधकामाचे ठेकेदार आणि एक गणिताच्या प्राध्यापिका. पहिल्या फेरीत शिडी आली. मास्तर अचूक. दुसऱ्या फेरीत आंघोळीचा टब. ठेकेदारांचा अंदाज नऊ इंचांनी चुकला, आणि त्यांच्या इमारतींत राहणारे लोक घरोघरी टीव्हीसमोर चपापणार हे नक्की झालं. प्राध्यापिकांनी कागद मागितला आणि त्यांची वेळ संपली. तिसऱ्या फेरीत मास्तर एकटेच उरले. सूत्रसंचालकाने हसत हसत गळ्यातला टाय काढून टेबलावर आडवा ठेवला.

प्रेक्षकांत बाईंनी मेहुण्याचं मनगट पकडलं. कापड!

मास्तरांनी टायकडे बघितलं. ओठ हलले. थांबले. कपाखालचा रुमाल आठवला.

"अठ्ठावन्न."

"अगदी बरोबर!"

"जिंकलो!" मेहुणा ओरडला. "ताई, हात सोड, रक्त थांबलंय!"

मग गाडी आली. पांढरी, चकचकीत, हळूहळू फिरणाऱ्या चौथऱ्यावर. मास्तरांनी तिच्याकडे एक नजर टाकली. पण खरी नजर गेली ती मागच्या खिडकीकडे. काच अर्धी खाली होती.

"मास्तर," सूत्रसंचालक म्हणाला, "किती भरेल?"

"एकशे अठ्ठावन्न इंच."

"विचार करून सांगा."

"विचार कशाला? दिसतंय ना!"

"वा! पण शेवटच्या फेरीत आम्ही आकडा ऐकत नाही." त्याने टाळी वाजवली. एक मुलगी लाल रिबनचं रीळ आणि चांदीची कात्री घेऊन आली. "गाडीच्या लांबीएवढी रिबन कापून द्यायची. टेप नाही, खूण नाही. फक्त नजर आणि हात!"

मास्तर हसले. कात्री? बावीस वर्षं दुसरं केलं काय! त्यांनी कात्रीत बोटं घातली आणि ती बोटं घरी आल्यासारखी सैलावली. रिबन टेबलावर सरकवत नेली. एक हात, दोन हात, तीन हात. एकशे अठ्ठावन्नला अंगठा टेकला, अगदी जिथे टेकायला हवा तिथे.

आणि मग तो अंगठा, कोणालाही न विचारता, जरासा पुढे सरकला.

खच्च!

"गेली गाडी," बाई हळूच म्हणाल्या.

"अगं ताई, अजून मोजलंही नाही!"

"मोजायचंय काय त्यात? अंगठा सरकला." बाई समोर बघतच बोलत होत्या. "मी तोंडाला शिकवलं रे. हात मात्र काल त्या सात कोटांवर शिकलेलं विसरला."

परीक्षकांनी रिबन स्टीलच्या पट्टीवर ताणली. मागच्या पडद्यावर मोठे आकडे उमटले. गाडी, एकशे अठ्ठावन्न. रिबन, एकशे साडेएकोणसाठ. प्रेक्षकांतून असा सुस्कारा निघाला, की बँडमास्तरचा कोट पुन्हा उसवला असता.

"अरेरे! दीड इंच जास्त!" सूत्रसंचालकाने गळ्यात आवंढा आणला. तो रोज आणत असावा, पटकन आला.

मास्तर रिबनकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, जास्त नाही ते! तेवढं आत दुमडायचंय!"

"कुठे आत?"

"शिवणीत!"

"मास्तर," परीक्षक म्हणाले, "रिबन शिवायची नाहीये."

"आज नाही. पण उद्या गाडी वाढली तर?"

हे वाक्य आपल्या तोंडून गेलं यावर मास्तरांचा स्वतःचाच विश्वास बसेना. लोक हसले. मास्तरही कसेबसे हसले आणि त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई हसत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मांडी मोकळी होती. पण बाहेर बघायला तिथे खिडकी नव्हती.

उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून प्रायोजकांनी पडद्याच्या कापडाचा अख्खा तागा दिला. बसमध्ये मेहुण्याला तो घेऊन चढू देईनात. तेव्हा स्कूटरवर बाईंनी तो मांडीवर आडवा धरला. दोन्हीकडे हातहातभर बाहेर! रस्त्यावरची माणसं वाकून जात होती.

"रागावलीस?" तिसऱ्या चौकात मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"आकडा बरोबर सांगितलात हो तुम्ही. एकशे अठ्ठावन्न. सगळ्यांनी ऐकलं."

मास्तरांनी आरशात बघितलं. आरशात फक्त तागा दिसत होता.

कार्यक्रम तीन आठवड्यांनी दाखवला. तोवर निकाल सांगायला बंदी होती, त्यामुळे गल्लीतले लोक आशेवर होते आणि खडूची आकृती कोणी पुसली नव्हती. त्या संध्याकाळी मास्तरांनी दुकान लवकर बंद केलं, मशीनमागे बसून टीव्ही बघितला आणि उद्या तोंड कुठे लपवायचं याची जागा नजरेने मोजून ठेवली.

सकाळी शटर वर केलं तर बाहेर रांग! सर्वांत पुढे बँडमास्तर.

"बघितलंत?" तो रांगेकडे वळून सांगत होता. "हातची गाडी गेली, पण माणसाने माया सोडली नाही! कपडे द्यावेत तर अशा माणसाकडे!"

शाळेची माणसं होती, दोन दवाखाने होते, एका हॉटेलचे सगळे वाढपी होते. ठेकेदारांनी गणवेशांसाठी साठ मजूर पाठवले होते. मास्तरांनी दुपारपर्यंत रांगेला नुसतं बघितलं आणि सगळ्यांची मापं झाली.

पहिल्या शनिवारी माल पोचवायला दोघे निघाले. स्कूटरवर आता दोन गठ्ठे होते. एक बाईंच्या मांडीवर, दुसरा त्याच्यावर. गठ्ठ्यांमागून बाईंचे फक्त डोळे दिसत होते. खडूच्या आकृतीच्या बरोबर मधोमध उभी होती स्कूटर.

"एक सांगू?" मास्तर चाचरत म्हणाले. "गाडी मिळाली असती ना, तर एवढे गठ्ठे मागच्या सीटवर आरामात बसले असते."

"हो? आणि मी?"

मास्तरांनी मनातल्या मनात गाडी भरून बघितली. एकदा, दोनदा, तीनदा. शाळा, दवाखाना, हॉटेल, साठ मजूर. पुढे ड्रायव्हर, शेजारी ते स्वतः. नजर त्यांची अचूक होती, काय करणार! त्यांनी स्कूटरला किक मारली.

"कळलं," गठ्ठ्यांमागून आवाज आला. "चला आता. आणि जरा पुढे सरका, पाय ठेवायलाही जागा नाही मला."

मास्तर मुकाट्याने पुढे सरकले.

दीड इंच.