लार्कहिलकरांचा उत्साह

"पाचशे माणसं! शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला, रिंकच्या अंगणात, हातात झेंडे घेऊन! नाही जमवली तर नाव बदलेन!"

गावसभेत टेबलावर मूठ आपटून मी हे जाहीर केलं, तेव्हा सभेला सात माणसं हजर होती. त्यातली दोन हीटरजवळ ऊब घ्यायला आली होती आणि एक माझी बायको मार्नी. ती मला घरी न्यायला आली होती.

"नाव बदलायचा अर्ज कुठे मिळतो हो?" तिने तिथल्या तिथे सचिवाला विचारलं.

चेष्टेचा विषय नव्हता! आमच्या अल्बर्टा प्रांतातल्या मोठ्या शहराने जागतिक हिवाळी स्पर्धा भरवायच्या ठरवल्या होत्या. बाकी सगळे खेळ शहरात; कर्लिंग तेवढं एखाद्या लहान गावात. बर्फावरून गुळगुळीत दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे कुंच्याने बर्फ घासत धावायचं, या खेळाला पुरेल एवढी बर्फाची रिंक दोनच गावांत होती. आमच्या लार्कहिलमध्ये आणि चाळीस किलोमीटरवरच्या ग्रँटनमध्ये. कोणाला द्यायचं ते ठरवायला परदेशातून तिघांची समिती येणार होती. रस्ते बघणार, हॉटेलं बघणार, बर्फ बघणार. यादीत सगळ्यात शेवटी होतं, 'जनतेचा उत्साह'.

मला स्पर्धेचं फारसं कौतुक नव्हतं. मला यंत्र हवं होतं.

रिंकचा बर्फ गोठवणारं आमचं यंत्र माझ्या लग्नाहून जुनं. ते सांभाळतो स्टॅन किटली. स्टॅन म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. चाळीस वर्षं हा माणूस रोज पहाटे जाऊन बर्फावर हात फिरवतो, आजारी पोराच्या कपाळावर फिरवावा तसा. जानेवारीत तो मला यंत्राच्या खोलीत घेऊन गेला. आतून दमेकऱ्यासारखी धाप ऐकू येत होती.

"लॉइड, हा हिवाळा हे शेवटचं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी इथे बर्फ नाही, डबकं असेल."

आमच्या कर्लिंग क्लबची तिजोरी रिकामी केली तरी नवं यंत्र येणार नव्हतं. स्पर्धा आली, की समिती नवं यंत्र बसवून देणार होती. म्हणजे लार्कहिलचा उत्साह दिसला तर स्टॅनची रिंक राहील, नाही तर जाईल. इतकं सोपं होतं.

सोमवारी सकाळी मी फोन हातात घेतला. आता आमच्या गावचा स्वभाव असा, की कोणी कोणाला 'नाही' म्हणत नाही. 'प्रयत्न करतो' म्हणजे येणार नाही. 'हवा कशी आहे बघू' म्हणजे येणार नाही. आणि 'वा, मस्त कल्पना आहे!' म्हणजे मेलो तरी येणार नाही. गुरुवार दुपारपर्यंत माझ्या वहीत एकसष्ट मस्त कल्पना जमा झाल्या!

शेजारच्या हॉरचुककडे मी जातीने गेलो. तो दारातला बर्फ काढत होता.

"अरे, जगभरातले खेळाडू येतील आपल्या गावात!"

"येऊ देत की."

"टीव्हीवर दिसेल गाव!"

"दिसू दे."

"तुला काहीच वाटत नाही?"

हॉरचुकने फावड्यावर हनुवटी टेकवली. "स्पर्धा आली तरी हा बर्फ मीच काढायचा आणि नाही आली तरी मीच काढायचा. समितीतलं कोणी फावडं घेऊन येणार असेल तर सांग."

मी घरी आलो. या खिडकीपासून त्या खिडकीशी, त्या खिडकीपासून फ्रीजशी, फ्रीजपासून परत खिडकीशी फेऱ्या मारायला लागलो. शेवटी मार्नीने पायाखालचा गालिचा काढून घेतला. म्हणाली, "झिजेल."

आणि उघड्या जमिनीवर अकराव्या फेरीला मला सुचलं. पॅनकेक!

आमच्या भागात माणसं जमवायचा खात्रीचा मार्ग तो एकच. सकाळच्या वेळी उघड्यावर तवे मांडायचे आणि फुकट पॅनकेक वाढायचे. निवडणूक असली की उमेदवार स्वतः पॅनकेक उलटतो. लोक तीन पॅनकेक खातात, पाक बोटाने चाटून पुसतात आणि मत दुसऱ्याला देतात. पण येतात! मी लगेच कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'शनिवारी सकाळी नऊ वाजता कर्लिंग रिंकच्या अंगणात सर्वांना पॅनकेक नाश्ता. अवश्य या.'

मार्नीने वाचून पाहिलं. "यात स्पर्धेचं नाव कुठे आहे?"

"नाव घातलं तर कोण येईल?"

"आणि नाश्ता कशाबद्दल आहे ते?"

"अगं, हीच तर गंमत आहे! एकदा माणसं अंगणात आली, की झेंडे मी हातात देतो."

पोस्टात, दवाखान्यात, किराणा दुकानात, सगळीकडे ती चिठ्ठी लावून आलो आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

शुक्रवारी दुपारी स्टॅनचा फोन. आवाज घोगरा.

"लॉइड, तू निदान मला तरी आधी सांगायचंस रे."

"काय सांगायचं?"

"सकाळपासून माझ्या दारात अकरा कॅसरोल आलेत!"

मी खुर्चीत बसलो. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं, की शेजारीपाजारी चीज घालून भाजलेल्या नूडल्सचं भांडं झाकून आणून देतात. तोंडाने काही बोलत नाहीत, भांडं ठेवून जातात. अकरा भांडी म्हणजे गेलेला माणूस चांगलाच लोकप्रिय असला पाहिजे.

"कोण गेलं?"

"रिंक!" स्टॅन म्हणाला. "रिंक बंद होतेय ना? गावभर झालंय!"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निवडणूक नसताना आमच्याकडे फुकट पॅनकेक केव्हा मिळतात? स्टेशन बंद झालं, त्याच्या आदल्या शनिवारी पॅनकेक. रुळाकाठचं लाकडी धान्यकोठार पाडलं, त्याच्या आदल्या शनिवारी पॅनकेक. शाळेची वरची इयत्ता गेली तेव्हा तर सॉसेजसुद्धा होते! कारण न सांगता संस्थेने पॅनकेक घातले, की गावाने समजायचं, संस्था आटोपली. हे लार्कहिलमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त चिठ्ठी लिहिताना मला आठवलं नव्हतं.

"नाही रे, बंद नाही होत," मी म्हणालो. "उद्या दहाला समिती येतेय, तिच्यासाठी गर्दी."

"मग लोकांना खरं सांग ना!"

इथे माझ्यातल्या सज्जन माणसाने तोंड उघडलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर काय उत्तर आलं असतं? 'वा, मस्त कल्पना आहे!'

"उद्या सांगतो," मी म्हणालो. "सव्वाअकराला."

शनिवारी सकाळी सात वाजता मी अंगणात पोचलो, तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. आठ वाजता पेट्रोल पंपापर्यंत. नऊ वाजता रांगेचं टोक दिसेनासं झालं. नऊशे वस्तीच्या गावात अकराशे माणसं! कोणी काळा टाय लावलेला, कोणी फाटकाला फुलं बांधत होतं. ग्रँटनची माणसंसुद्धा आली होती, टोप्या हातात घेऊन, पडलेल्या चेहऱ्याने. मी झेंडे वाटले. दुःखात असलेल्या माणसाच्या हातात काहीही द्या, तो धरतो.

तव्यावर माझी त्रेधा उडाली होती. अर्धे पॅनकेक कोळसा, अर्धे कच्चे. तेवढ्यात हॉरचुक आला आणि माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं.

"सरक! मयताच्या नाश्त्याला असं वाढतात होय?"

"तू कसा काय आलास?"

"वडिलांनी मला इथेच दगड सरकवायला शिकवलं होतं," तो तव्याकडे बघत म्हणाला आणि त्याने पॅनकेक उलटला.

बरोबर दहाला समितीची गाडी आली. प्रमुख होत्या बेर्टशी नावाच्या स्विस बाई, चष्मा गळ्यात, वही हातात. गाडीतून उतरल्या आणि उभ्याच राहिल्या.

"एवढी माणसं! आणि ही... रडताहेत?"

"आमच्याकडे उत्साह अनावर झाला की असंच होतं," मी म्हणालो.

बाईंनी लिहून घेतलं. मग रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या पेटिग्रूआजींजवळ गेल्या. आजी ब्याण्णव वर्षांच्या.

"आजी, तुम्हाला काय वाटतंय?"

"काय वाटणार, बाई! माझ्या नवऱ्याने याच बर्फावर गुडघा टेकून मला मागणी घातली. मी हो म्हटलं तेव्हा त्याचा गुडघा गोठून चिकटला होता. दोघांनी धरून उपटला त्याला!" आजींनी डोळ्याला रुमाल लावला. बाईंनीही लावला.

सव्वादहा झाले, साडेदहा झाले, कोणीतरी 'बंद' हा शब्द उच्चारेल आणि सगळं मुसळ केरात! मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाकाची बाटली घेऊन धावत होतो. ज्याचं तोंड उघडायला लागलेलं दिसे, त्याच्या ताटात पाक ओतत होतो. एका गृहस्थाचा पॅनकेक ताटात तरंगायला लागला.

पण लोक बोलले नाहीत. त्यांनी त्याहून भयंकर गोष्ट केली. एकमेकांचे हात धरून रिंकभोवती कडं केलं. आणि मागून हॉरचुक, ज्याला कशाचंच काही वाटत नव्हतं तो हॉरचुक, उलथणं उंच धरून ओरडला, "हिची एक फळी कोणाला हलवू देणार नाही!"

"नाही हलवू देणार!" अकराशे गळे.

बाईंच्या वहीचं पान उलटलं. माझ्या डोळ्यांपुढे नवं कोरं यंत्र येऊन उभं राहिलं.

समितीची गाडी वळणाआड गेली तसा मी टेबलावर चढलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. रिंक बंद होत नाहीये! स्पर्धेसाठी हे सगळं केलं! कोणी टाळ्या वाजवतील असं मला वाटलं होतं. पण मागून एक आवाज आला, "मग आम्ही रडलो कशाला?"

लोक शांतपणे पांगले. जाताना प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मस्त कल्पना होती, लॉइड." अकरा घरांनी स्टॅनकडून आपापली भांडी परत नेली. दोघांनी नूडल्ससकट.

पुढचे तीन आठवडे मी दिवसातून चारदा पोस्टात गेलो. शेवटी पत्र आलं. स्टॅनने ते यंत्राच्या खोलीत उघडलं, मी मोठ्याने वाचलं.

'आजवरच्या कामात आम्ही जनतेचं एवढं प्रेम कुठे पाहिलं नाही. ज्या वास्तूसाठी अकराशे माणसं अश्रू ढाळतात, तिची एक फळीसुद्धा आमच्या स्पर्धेपायी हलू नये, असं समितीचं एकमत झालं. सबब कर्लिंगचे सामने ग्रँटन येथे घेण्यात येतील. तेथे कोणाचंच कशावर विशेष प्रेम आढळलं नाही. आपल्या रिंकला मात्र संरक्षित वारसा म्हणून घोषित करावं, अशी शिफारस आम्ही प्रांताकडे केली आहे.'

ग्रँटनला समितीच्या स्वागताला एकच माणूस आला होता म्हणे. तोही पत्ता विचारायला.

प्रांताने एरवी रस्त्यातला खड्डा बुजवायला दोन वर्षं लावली असती. वारशाची पितळी पाटी दोन महिन्यांत आली! आणि त्याच आठवड्यात ग्रँटनचा ट्रकही आला. त्यांना नवं यंत्र मिळणार होतं, म्हणून त्यांनी जुनं आम्हाला फुकट पाठवलं. जुनं म्हणजे आमच्यापुढे तरणंबांड! स्टॅनने त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मग त्याने टेप काढली, यंत्र मोजलं, दार मोजलं, परत यंत्र मोजलं.

"मागची भिंत फोडावी लागेल," तो म्हणाला.

मी वारसा खात्याच्या अधिकारी बाईंना फोन लावला.

"भिंत? अहो, संरक्षित आहे ती!" त्या म्हणाल्या. "एकच मार्ग आहे. जाहीर सुनावणी घ्यायची. गावातल्या निदान दहा रहिवाशांनी समक्ष येऊन सांगायचं, की या वास्तूबद्दल आम्हाला काही वाटत नाही. मग संरक्षण उठवता येतं."

"दहाच?" मी हसलो. "बाई, उदासीन माणसं म्हणाल तर आमच्याकडे अख्खं गाव आहे! पन्नास आणतो!"

फोन ठेवला आणि सरळ हॉरचुककडे गेलो. गावातला सर्वांत खात्रीचा माणूस.

"मंगळवारी सकाळी यायचं आणि 'मला काही वाटत नाही' एवढं म्हणून जायचं. नेहमी म्हणतोस तेच."

हॉरचुकने बराच विचार केला. "काही वाटत नाही म्हणून सांगायला तिथवर जायचं, म्हणजे बरंच काही वाटतंय की," तो म्हणाला. "आणि हलवू देणार नाही म्हणून ओरडतानाचा माझा फोटो आहे त्यांच्याकडे. पेपरात आला होता."

फोटो सगळ्यांचाच होता. चौकशी केली तर गावातल्या प्रत्येक घरात कापून चिकटवलेला.

यंत्र सध्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. सुनावणीसाठी मला आठ माणसं कमी पडताहेत. दोन आहेत, मी आणि मार्नी. मार्नीला खरोखरच काही वाटत नाही, त्यामुळे ती फार चांगलं बोलते. तिसरा म्हणून स्टॅनला धरलं होतं. यंत्र त्यालाच हवं आहे, म्हटल्यावर तो तरी म्हणेल. परवापासून त्याची तालीम घेतोय. "मला या रिंकबद्दल..." इथपर्यंत तो अगदी खणखणीत म्हणतो. पुढचे तीन शब्द राहिलेत, पण तिथे आला की दरवेळी त्याला रुमाल द्यावा लागतो.