नवाबाच्या दारातले जोडे

फाटकाशी येताच पेडगावच्या उमाजींनी जोडे काढले, छत्री मिटली आणि मान खाली घातली. समुद्रकाठची ती हवेली पूर्वी एका नवाबाची होती. आता सरकारनं तिथं लोकांसाठी बाग केली होती. जावयाची या गावी बदली झाली, म्हणून नवरा-बायको परभणीकडून एवढ्या लांब समुद्र बघायला आले होते.

"आवो, जोडे कामून काढायलाव?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"नवाबाची देवडी हाय. आपल्या जहागीरदाराच्या दारावरून कदी जोडे घालून गेलाव का आमी?"

"जहागीरदारी गेली, निजाम गेला! घाला मुकाट्यानं!"

पण उमाजींचे पाय ऐकेनात. तेवढ्यात मागून एक कुटुंब आलं. पटकेवाला म्हातारा अनवाणी उभा बघून त्यांना वाटलं, इथला नियमच असावा. त्यांनीही चपला काढल्या. त्यांचं बघून मागून येणाऱ्यांनी काढल्या. घटकाभरात तीस-चाळीस जोड जमले. एक बाई जाता जाता म्हणाल्या, "बाबा, जरा लक्ष ठेवा हं."

उमाजींच्या तोंडून "हो" निघून गेलं, आणि दिलेला शब्द मोडायची त्यांची रीत नव्हती.

कस्तुराबाई एकट्याच आत गेल्या. नवाबाच्या संगमरवरी चौथऱ्यावर ऐसपैस बसून त्यांनी भाकरी खाल्ली, डोळे भरून समुद्र बघितला आणि दुपार कलल्यावर परत आल्या. "लय पानी हाय बगा! पल्याडचा काठच दिसंना. चला की, पाच वाजता फाटक लावतेत."

"कसं येऊ? समदे आपापलं घेऊन गेले, पर ह्यो पांढरा बूट न्यायला कुनी येईना."

पांढरा बूट बागेच्या अधिकाऱ्यांचा होता. जेवून परतताना चपलांचा ढीग बघून, वरून नवा हुकूम आला असावा, असं समजून त्यांनीही बूट काढले होते. दुपारभर तापल्या खडीवर नाचून, हुकूमबिकूम काही नाही असं कळल्यावर ते आता लंगडत आले.

"कोणी काढलं हे खूळ?"

उमाजींनी हात जोडले. "चुकलं, साहेब. मी आपलं नवाबाच्या दारात..."

"कसला नवाब? बाग लोकांची आहे! तुमची आहे! जोडे घाला आधी! आत्ताच्या आत्ता घाला!"

उमाजी बघतच राहिले. उभ्या जन्मात हुद्देवाल्या माणसानं त्यांना जोडे काढायलाच सांगितलं होतं. त्यांनी हळूच एक पाय जोड्यात सरकवला, मग दुसरा, आणि मान वर केली.

"साहेब," ते अदबीनं म्हणाले, "तेवढं पुन्ना एकडाव म्हना की."