सडक्या बोंडांचं स्पॅनिश

गुलाबी बोंडअळीनं आर्णी तालुक्यातला कापूस फस्त केला, त्या साली इथल्या शेतकऱ्यांना स्पॅनिश येत नाही ही गंभीर बाब शासनाच्या निदर्शनास आली. कापूस बघायला स्पेनहून पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे अब्रू जायला नको, म्हणून सगळे कृषी कर्मचारी स्पॅनिशच्या वर्गांवर नेमले गेले आणि पिकांचे पंचनामे थांबले.

रुखमाबाईला नेमका पंचनामाच हवा होता. तिची बोंडं झाडावरच सडली होती. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून हरभरा पेरायचा तर जमिनीत ओल आहे तोवरच. पंचनाम्याआधी उपटली तर भरपाई बुडते, उभी ठेवली तर हरभरा बुडतो. ती कृषी पर्यवेक्षक मधुसूदन साहेबांकडे गेली.

"साहेब, ओल जाऊन राह्यली. पंचनामा कवा करता?"

"पाहुणे गेल्यावर. तोवर वर्गाला या. गैरहजरांचा पंचनामा सगळ्यात शेवटी."

बाई मुकाट्यानं समाजमंदिरात सतरंजीवर जाऊन बसली. नागपूरच्या ऋचा मॅडम नामाला विशेषण जुळवायला शिकवत होत्या. कापूस म्हणजे 'आल्गोदोन', पुल्लिंगी, म्हणून 'एर्मोसो'. पराटी स्त्रीलिंगी, म्हणून 'एर्मोसा'. दोन्हींचा अर्थ सुंदर. अभ्यासक्रमातली झाडून सारी विशेषणं स्तुतीचीच होती. वरून मंजुरीच तेवढ्यांना मिळाली होती.

"मॅडम, सडक्याले काय म्हणते?"

मॅडमनी आधी दाराकडे पाहिलं. "पोद्रिदो. पण ते परीक्षेला नाही."

पाहुण्यांसाठी रुखमाबाईचंच वावर निवडलं गेलं, कारण गाडी तिथपर्यंत जाते. साहेब वावरात येतील तर पंचनामाही उरकतील, या आशेनं तिनं हो म्हटलं. साहेबांनी बांधालगत, धुऱ्याजवळच्या चार ओळींवर दुसरीकडचा पांढराशुभ्र कापूस चिकटवून घेतला. लाज नावाची चीज त्या कार्यालयात कधी आवक-जावकला नोंदलीच गेली नव्हती.

पाहुणे उतरले. रुखमाबाई त्या चार ओळी ओलांडून आत गेली, एक काळं बोंड तोडलं आणि पाहुण्यांपुढे धरून जीव खाऊन ओरडली, "आल्गोदोन पोद्रिदा!"

साहेब धावत आले.

"पोद्रिदो, बाई, पोद्रिदो! कापूस पुल्लिंगी आहे!"

"पोद्रिदो," बाई म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेतकऱ्याच्या भाषेची इतकी काळजी घेणारा अधिकारी त्यांनी त्यांच्या देशातही पाहिला नव्हता. फोटो निघाले.

गाड्या गेल्यावर बाई म्हणाली, "आता तरी करा पंचनामा."

"कसा करू? पीक उत्तम असल्याच्या अहवालावर आताच सह्या झाल्या. विदेशी पाहुण्यांनी पाहिलेलं पीक सडकं कसं असेल?"

"मंग मी काय पेरू? ओल तं गेली."

"पुढच्या वर्गाला या," साहेब म्हणाले. "क्रियापदं घेणार आहेत."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: 'यवतमाळची रुखमाबाई बोलते फाडफाड स्पॅनिश!' तुम्हीही तो पाहिलात, आणि छाती फुगवून चार ग्रुपांवर पाठवलात. एकानं विचारलं होतं, बाईच्या हातात ते काळं काय आहे? नकारात्मकता पसरवू नका म्हणून तुम्हीच त्याला ग्रुपातून काढलंत.