वच्छलाबाईंची फळी

"तुमी हात मांगं कावून घेता?" वच्छला कमरेला पदर खोचून, फळी धरून उभ्या नवऱ्याला विचारत होती.

"मी नाई घेत, आपोआप येतेत," देवमन म्हणाला. "तू वरडतंच अशी का मले वाटते, माह्यंच काई चुकलं."

वच्छला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. चीनच्या लढाईनंतर अमरावतीला शिक्षकांचं शिबिर भरलं, तिथे ब्रह्मदेशातून आलेल्या एका उस्तादानं तिला हाताच्या कडेनं फळी फोडायला शिकवलं. हे आपल्या मुलींनाही यायलाच हवं, असं तिनं ठरवून टाकलं. शाळेच्या मोठ्या बाई माणिकबाई मात्र कवायतीचा तास काढून शिवणकामाला द्यायच्या विचारात होत्या. "संमेलनात करून दाखवा, मग पाहू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

फळी धरायला घरात होता तो नवरा. देवमन तारघरात कारकून. संत्र्याच्या पेटीची फळी दोन्ही हातांत धरून तो उभा राही, वच्छला ओरडली की डोळे मिटून हात मागे घेई, आणि तिचा फटका फळीसकट त्याच्या छातीवर बसे. शेवटी वच्छलानं नत्थुजी सुताराला गाठलं.

"चौकट पायजे. दाराची नाई, फळी पकडून ठेवायची."

"फळी पकडून काय करता?"

"हातानं फोडतो."

"घरी कुऱ्हाड नाई का?" नत्थुजीनं काळजीनं विचारलं.

तरी त्यानं चौकट केली झकास. खाली लांबलचक बैठक, तिच्यावर दोन सागवानी खांब, खांबांना खाचा. खाचांत वरून फळी सरकवायची. वच्छलानं अंगणात पहिला फटका मारला. फळी शाबूत राहिली, चौकट उताणी पडली. मग बैठकीवर मसाल्याचा पाटा ठेवला. चौकट पडली नाही, पण सरकली आणि पाटा घसरून मोरीत गेला. मग ज्वारीचं पोतं आलं. ते फुटलं, आणि शेजारच्या तानुबाईच्या कोंबड्यांनी अंगणात पंगत मांडली.

देवमन ज्वारी गोळा करता करता थकून बैठकीवरच टेकला. वच्छलानं संधी साधली. खाडकन आवाज झाला आणि फळीचे दोन तुकडे झाले.

"उठू नका!" ती आनंदानं किंचाळली. "तुमचंच वजन पायजे होतं!"

"संमेलनात? साऱ्या अकोल्यासमोर मी बायकोच्या फळीमांगं बसू?"

"चादर टाकू तुमच्यावर. कोनाले समजत नाई."

संमेलनाच्या दिवशी मंडप गच्च भरला. मंचावर चौकट, चौकटीत फळी, आणि मागे बैठकीवर पांढऱ्या चादरीखाली देवमन. वच्छला श्वास रोखून उभी राहिली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे ओमप्रकाशशेठ खुर्चीतून उठले. चादर पाहून त्यांना वाटलं, अनावरण आपल्याच हातून व्हायचं आहे. त्यांनी हसतमुखानं चादर ओढली. कानांत बोटं घालून, डोळे मिटून बसलेला देवमन सगळ्या अकोल्याला दिसला.

मंडपात हशा उसळला. देवमन गडबडून नमस्कारासाठी उठला, चादर खांबात अडकली, शेठनी ती आणखी जोरात ओढली आणि चौकट मंचावरून खाली कोसळली. एक खांब मुळापासून निखळला.

माणिकबाई लगबगीनं पुढे आल्या. "आता भरतकामाचे नमुने..."

"थांबा बाई," वच्छला म्हणाली. खाली उतरून तिनं फळी उचलून आणली आणि नवऱ्यापुढे धरली. "धरा."

"मी?"

"कवायतीचा तास जाईन. धरा. अन् डोये उघडे ठेवा."

देवमननं मंडपाकडे पाहिलं. अजूनही लोक हसत होते, पहिल्या रांगेतल्या कवायतीच्या मुली मात्र रडकुंडीला आल्या होत्या. त्यानं फळी घट्ट धरली, कोपरं ताठ केली. वच्छला ओरडली. देवमनच्या मिशा थरथरल्या. पण हात हलले नाहीत, डोळेही मिटले नाहीत.

खाडकन!

मंडप टाळ्यांनी दणाणला. माणिकबाईंनीही टाळ्या वाजवल्या आणि शिवणकामासाठी दुसरा तास शोधावा लागेल, असं शेजारच्या बाईंना सांगितलं. ओमप्रकाशशेठ हार घेऊन आले आणि वच्छलाला वळसा घालून त्यांनी तो थेट देवमनच्या गळ्यात घातला.

"मारनारे खूप पाहिले," ते गहिवरून म्हणाले, "पन उभा राहनारा हा पहिलाच!"

घरी जाताना टांग्यात वच्छला म्हणाली, "उद्यापासून दोन फळ्या, एकावर एक."

देवमननं मुकाट्यानं हार काढला आणि तिच्या गळ्यात घातला.

"हा तुह्यापाशीच राहू दे," तो म्हणाला. "मी एकाच फळीचा मानूस."